जुन्या घरातली ओल आणि बुरशी: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आहे, मिस्टरांच्या आजोबांनी बांधलेलं. वीट आणि चुना-मातीच्या दीड फुटी भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं सोपा म्हणजे ओसरीसारखी पुढची खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परस. दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची घरं चिकटून आहेत त्यामुळं माजघराला खिडकीच नाही. या माजघरातली बुरशी काढायला आम्हाला एक पावसाळा संपल्यापासून दुसरा येईपर्यंतचा वेळ लागला आणि साधारण ९० हजार रुपये गेले. हे सगळं क्रमानं लिहितेय कारण आपल्या जुन्या पेठांमधून, आणि तिकडं कोकणात समुद्राकडेच्या घरांतून तर जास्तच, घराघरात हेच चाललंय, आणि जो बघायला येतो तो एखाद्या रंगाचं नाव सांगून जातो.

आधीचं थोडं सांगते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४३ फुटांची. दोन्ही वेळा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. २०२१ चं पाणी उतरल्यावर गल्लीत बहुतेकांनी केलं तेच आम्हीही केलं, जुना चुन्याचा गिलावा पाच फुटांपर्यंत काढून सिमेंटचं प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर धुता येणारा प्लास्टिक पेंट. दोन वर्षं भिंती अगदी नव्यासारख्या दिसत होत्या.

जुलै २०२४ ला पंचगंगा परत धोका पातळीच्या वर गेली. पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं, घरात शिरलं नाही, म्हणून आम्ही सुटलो म्हणत होतो. पण सकाळी माजघराचं दार उघडलं की कुबट वास यायचा. एका रविवारी लाकडी कपाट पुढं ओढलं तर मागची अख्खी भिंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली, खालच्या बाजूला रंगाला फुगे आलेले, फुगा बोटानं दाबला की आत ओली पुट्टी, आणि कपाटातल्या गोधड्यांवर पांढरा बुरा. खरं सांगते, पोटात गोळा आला, कारण त्याच खोलीत आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आमचा मुलगा झोपतात. आत्तींना दमा आहे. त्या पावसाळ्यात त्यांचा पंप (इनहेलर) रोजच्यापेक्षा जास्त लागत होता आणि मुलगा रात्री दोन वाजता उठून खोकत बसायचा, आम्ही आपले हवा बदलली म्हणून काढा देत होतो.

ऑगस्टमध्ये दोघांना छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणी आणि फुंकर मारून करतात ती फुप्फुसाची चाचणी धरून प्रत्येकी दीड हजाराच्या आसपास खर्च आला. डॉक्टरांनी औषधांआधी घराबद्दल विचारलं, ओल आहे का, कुठल्या खोलीत झोपता, बाहेरगावी गेल्यावर बरं वाटतं का. तेव्हा लक्षात आलं की आत्ती वन्संकडं इचलकरंजीला आठवडाभर राहिल्या होत्या तेव्हा खोकला जवळजवळ थांबला होता. डॉक्टर म्हणाले ही खूण कुठल्याही रिपोर्टपेक्षा कामाची आहे. बुरशी कुठल्या जातीची आहे हे लॅबमधून शोधायला पैसे घालू नका, जात कुठलीही असली तरी ती काढायचीच आहे, आणि नुसती मारून उपयोग नाही कारण मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी आणि दमा उठवतात. म्हणजे औषध फवारून ती जागेवर तशीच ठेवणं बाद.

इथं एक भीती काढून टाकते. शेजारच्या काकूंनी काळे डाग बघितले आणि त्या कोविडातल्या ब्लॅक फंगसची आठवण काढून रडायलाच लागल्या. तो आजार वेगळा. म्युकरमायकोसिस मुख्यतः साखर खूप वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसांना होतो, आणि त्यात काळं दिसतं ते मेलेलं मांस, बुरशीचा रंग नव्हे. भिंतीवरची बुरशी बहुतेकांना शिंका, डोळे चुरचुरणं, खोकला, दमा असा त्रास देते. पण घरात कुणाची केमो चालू असेल, अवयव बदललेला असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर त्यांना त्या खोलीत ठेवूच नका आणि साफसफाईच्या वेळी तर घरातही नको.

त्याच रात्री झोपण्याची जागा सोप्यात हलवली. खर्च शून्य, आणि सगळ्यात आधी करायचं तेच आहे असं माझं ठाम मत आहे.

मग शोध सुरू झाला. हवेतली आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र मिळतं, हायग्रोमीटर, ऑनलाइन ₹४०० ला, मी दोन मागवली, एक सोप्यात एक माजघरात. घरात ६० टक्क्यांच्या खाली ठेवावं असं सांगतात, आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडं दोन्हीकडं ८५ च्या वर. भर पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असते त्यामुळं दारं-खिडक्या उघडून भिंत सुकत नाही, हे आकडे बघून पटलं. खरी मजा ऑक्टोबरच्या उन्हात कळली. सोप्यातलं यंत्र ५० वर आलं आणि माजघरातलं ७५ च्या खाली यायलाच तयार नाही. म्हणजे ही ओल बाहेरच्या हवेतून येत नव्हती, भिंतच खोलीत पाणी सोडत होती.

दुसरी चाचणी फुकटातली. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करायच्या आणि दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी साठलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला साठलं तर खोलीतली वाफ भिंतीवर थंड होऊन बसतेय. आम्ही जमिनीपासून फूटभर उंचीवर, छातीएवढ्या उंचीवर आणि छताजवळ अशा वेगवेगळ्या जागी चिकटवलं. खाली भिंतीकडून थबथबलेलं. मधे जवळजवळ कोरडं. आणि पूर्वेच्या भिंतीला छताजवळ परत ओलं. कपाटामागं मात्र उलटं, फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब.

म्हणजे एका खोलीत तीन वेगवेगळी पाणी होती. जमिनीतून वर चढणारं, वरून कौलातून किंवा पन्हळीतून मुरणारं, आणि आमचंच, म्हणजे स्वयंपाकाची वाफ आणि पावसाळ्यात आत दोरीवर वाळत घातलेले कपडे. नळाची गळती आहे का तेही बघितलं. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा फोटो काढला, पहाटे पाणी वापरायच्या आधी परत काढला, आकडा हलला नव्हता. तेवढं एक तरी वगळता आलं.

याच काळात दर घेणं चालू होतं. एकजण म्हणाला केमिकलचं कोटिंग मारतो, १ लाख ४० हजार, पाच वर्षांची गॅरंटी. दुसरा म्हणाला भिंतीला चार फूट टाइल्स लावा, ६५ हजार, परत बघायला नको. मी प्रत्येकाला एकच विचारायचे, पाणी कुठून येतंय? बहुतेकांचं उत्तर होतं की जुनं घर आहे मॅडम, ओल असणारच. शेवटी मिस्टरांच्या ओळखीतून पन्हाळ्याकडचे एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी आल्या आल्या भिंतीकडं बघितलंच नाही, आधी बाहेर गेले, मागच्या गटरीजवळ उकिडवे बसले, मग शिडी लावून कौलांवर गेले. खाली आल्यावर म्हणाले, "वैनी, पाणी खालनं चढतंय, वरनं मुरतंय, आनि सिमेटानं त्याची भाईर पडायची वाट बंद केलीया. मग ते जाणार कुठं?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळं कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी वीट-चुन्यातून वर चढतं. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जायचं. सिमेंट, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट यातून ते उडत नाही, म्हणून ते आणखी वर चढत राहतं आणि जिथं वाट मिळेल तिथं रंग फोडून बाहेर येतं. टाइल्स लावल्या असत्या तर ओल चार फुटांच्या वर दिसली असती इतकंच.

कोकणाचं वेगळं आहे आणि ते मुद्दाम लिहितेय. आत्तींची बहीण वेंगुर्ल्याला असते, चिऱ्याचं जुनं घर, समुद्र जवळ. दिवाळीत फोनवर बोलताना मावशी म्हणाल्या आमच्या भिंतीला तर वर्षभर पांढरी बुरशी येते, ब्लीचिंगनं कितीही धुतली तरी परत येते. फोटो मागवला. मिस्त्री बघून म्हणाले ही बुरशी न्हवं, लोणा हाय. लोणा म्हणजे भिंतीतून फुटून येणारे क्षार. ओळखायची पद्धत सोपी आहे, त्या पांढऱ्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, विरघळून गेलं तर क्षार, नाही विरघळलं तर बुरशी. समुद्राकाठी खारा वारा भिंतीत मीठ भरत असतो, आणि कुणी बांधताना किनाऱ्याची वाळू वापरली असेल तर मीठ आतच असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं कुठंही गळती नसताना भिंत ओली दिसते, आणि अशा कायम ओल्या भिंतीवर मग खरी बुरशीही बसते. क्षार धुवायचे नाहीत, धुतले की विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडायचे आणि खाली पडलेलं लगेच गोळा करून घराबाहेर टाकायचं. मावशींकडं आता तसंच चालू आहे. कोल्हापूरकरांना नोव्हेंबर ते मे कोरडी हवा मिळते, भिंत सुकवायला हा मोठा आधार आहे. किनाऱ्यावर तेवढी कोरडी हवा मिळत नाही, म्हणून तिकडं पंखे, एक्झॉस्ट, आणि परवडत असेल तर हवेतलं पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर यांच्यावर जास्त भर द्यावा लागतो.

आता कागदपत्रं. पूर्वेची भिंत सामाईक आहे आणि दोन घरांच्या मधल्या पत्र्याच्या पन्हळीतून वरचं पाणी मुरत होतं. शेजारचं घर बंद असतं, मालक काका वारले, पुतणे पुण्यात. त्यांच्या संमतीशिवाय पन्हळीला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं, कारण पेठेतले अशा गोष्टींचे वाद कुठवर जातात ते सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही घरांच्या मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढल्या, सरकारच्या महाभूमी पोर्टलवर डिजिटल सहीच्या ऑनलाइन मिळतात, सिटी सर्व्हे नंबर तेवढा बरोबर पाहिजे. पुतण्यांना फोटो, पन्हळीचा व्हिडिओ आणि मिस्त्रींचा अंदाजखर्च व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांच्याकडं वारस बरेच, प्रत्येकाचा होकार यायला नोव्हेंबर संपला. मग साध्या कागदावर संमतीपत्र केलं, काय काम, किती खर्च, निम्मा-निम्मा, आणि पुढची साफसफाई कुणी करायची तेही त्यातच लिहिलं. हे शेवटचं कलम विसरू नका.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जाऊन विचारलं की दुरुस्तीला परवानगी लागते का. तिथले क्लार्क म्हणाले गिलावा, रंग, फरशी, आहे त्याच उंचीवर कौलं बदलणं याला बांधकाम परवानगी लागत नाही, भिंत पाडणं, उंची वाढवणं असेल तर लागते. घर वारसा यादीत असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी विचारून घ्या. तरी आम्ही काय काम करतोय याचा अर्ज दिला, सोबत घरफाळ्याची पावती आणि मिळकत पत्रिका जोडली, आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. काम चालू असताना कुणी तक्रार केली तर तो शिक्काच दाखवायला होतो. मागची गटर आमच्या पायालगत फुटलेली होती तिचाही वेगळा अर्ज फोटोसकट दिला, पाठपुरावा करत राहिलो, डिसेंबरात ती दुरुस्त झाली. गटर होईपर्यंत आतल्या भिंतीला नवा गिलावा करायचा नाही हे आधीच पक्कं होतं.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात प्रत्यक्ष काम सुरू केलं. आत्ती आणि मुलगा वन्संकडं. माजघर रिकामं करताना सगळ्यात जास्त त्रास झाला तो वस्तूंचा निर्णय घेताना. नियम असा धरला की ज्याच्या आत पाणी मुरतं आणि जे धुता येत नाही ते ठेवायचं नाही, त्यामुळं कापसाच्या गाद्या, उशा, कपाटाची प्लायवूडची पाठ, पुठ्ठ्याचे खोके गेले. सागवानी कपाट, तांब्या-पितळेची भांडी, स्टीलच्या पेट्या साबणाच्या पाण्यानं पुसून उन्हात सुकवल्या. गोधड्या गरम पाण्यात धुतल्या, त्यातली एक आत्तींच्या आईनं शिवलेली, ती वाचली याचा मला फार आनंद आहे. ट्रंकेतल्या जुन्या खरेदीखतांवर आणि फोटोंवर बुरा होता, ते उन्हात टाकले नाहीत, परसात सावलीत पसरून पूर्ण सुकू दिले आणि मग मास्क लावून मऊ ब्रशनं झटकले. ओले असताना झटकलं तर डाग पसरतो.

भिंतीवरच्या बुरशीला हात लावताना काय केलं ते नीट सांगते कारण इथंच लोक आजारी पडतात. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढायला हरकत नाही, त्यापेक्षा मोठं असेल तर अनुभवी माणूस आणि जास्त काळजी. आमचं मोठं होतं. माजघराच्या सोप्याकडच्या दाराला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवला, परसाकडच्या दारात बाहेर हवा फेकणारा पंखा लावला आणि छताचा पंखा बंद, कारण तो बुरशीचे कण घरभर उडवतो. सगळ्यांना एन९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, मजुरांनाही, आणि ते घातल्याशिवाय काम नाही म्हणजे नाही. कापडी मास्क किंवा तोंडाला रुमाल चालत नाही. कोरडी बुरशी खरवडायची नाही, आधी पाण्याचा बारीक फवारा मारायचा, मग ओल्या फडक्यानं साबणपाण्यानं पुसायचं आणि फडकं पिशवीत बंद करून टाकून द्यायचं. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, तो कण मागून परत हवेत सोडतो.

मदतीला आलेल्या कामवाल्या मावशी फरशीचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करून भिंतीवर मारायला निघाल्या होत्या, म्हणाल्या नेहमी असंच करतो. मी ओरडलेच. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बिनखिडकीच्या खोलीत तर जिवाशी गाठ. कृपा करून घरात कामाला येणाऱ्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. तसंही विटेच्या आणि गिलाव्याच्या भिंतीत ब्लीच वरवर रंग उडवतं, आत मुरलेली बुरशी तशीच राहते, त्यामुळं टाइल्स, बेसिन अशा गुळगुळीत जागा सोडून ते वापरायची गरजच पडली नाही.

मग सिमेंटचं प्लास्टर उतरवलं. ओल दिसते त्याच्या दीड फूट वरपर्यंत काढायचं असतं. मजुरी १४ हजार. बुरशीचं प्लास्टर गोणीत भरून तोंड बांधूनच परसातून बाहेर नेलं, खरमाती उचलायला ट्रॅक्टरच्या खेपांचे ₹३,६०० गेले. जुन्या दारांवर ऑइल पेंटचे थर होते, ते कोरडे घासू दिले नाहीत कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घरात लहान मूल आहे. वायरमनला बोलावून ओल्या भिंतीतली जुनी वायरिंग बाहेरून पट्टीत घेतली आणि शॉक जिवावर बेतायच्या आत लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवला, यावर खर्च करताना मागंपुढं बघू नका.

डिसेंबर-जानेवारी भिंती उघड्या विटांच्या तशाच ठेवल्या. येणारे-जाणारे विचारायचे की काम अर्धवट का सोडलं, मिस्त्री पळाले का. खरं तर हेच मुख्य काम होतं. भिंत सुकताना विटांवर पांढरे क्षार फुटत होते, ते कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून टाकायचो. दीड फुटी भिंत सुकायला महिने लागतात आणि त्या महिन्यांना कुठलंही केमिकल पर्याय नाही. त्याच काळात पन्हळ नवीन पत्र्याची झाली (१८ हजार, आमचे ९), फुटकी कौलं बदलली (६ हजार), आणि परसातली माती वर्षानुवर्षं साठून घराच्या जोत्याच्या वर गेली होती ती खाली काढून भिंतीपासून बाहेर उतार दिला (११ हजार). मला विचाराल तर सगळ्या खर्चात या ११ हजारांनी सर्वात जास्त काम केलं. तुमच्या घराच्या मागं एकदा जाऊन बघा, आतल्या जमिनीपेक्षा बाहेरची माती वर आहे का.

फेब्रुवारीच्या शेवटी माजघरातलं यंत्र पहिल्यांदा ५५ च्या खाली दिसलं. मी फोटो काढून वन्संना पाठवला, आत्तींना काय कळलं नाही पण त्या लगेच विचारायला लागल्या मी कधी येऊ.

मार्चमध्ये चुन्याचा गिलावा. कळीचा चुना आधीच पाण्यात विरवून ठेवलेला होता. विरवताना तो उकळतो, अंगावर उडाला तर भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा आणि चष्मा घाला. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू, बारीक थर, एक थर घट्ट झाला की दुसरा. सिमेंटसारखं दोन दिवसात मोकळं होत नाही, ओल्या गोणपाटानं ओलावा राखावा लागतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू पक्का होतो. चौरस फुटाला ₹९५ प्रमाणे ४२० फुटांचे जवळपास ४० हजार झाले. चुन्याचं काम करणारी माणसं आता कमी राहिलीत, त्यामुळं मिस्त्रींच्या तारखेप्रमाणं आम्ही चाललो. एप्रिलमध्ये वरून चुन्याची सफेदी, पातळ पातळ हात. ताजा चुना इतका अल्कधर्मी (ॲसिडच्या उलट) असतो की त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि भिंतीतलं पाणी त्यातून उडू शकतं. हात लावला की जरा पांढरं लागतं हे मान्य, रंगाच्या दुकानदारानं त्यावर प्लास्टिक पेंट मारा म्हणून सुचवलं, ते ऐकलं नाही.

आमच्या स्वतःच्या पाण्याचं काय केलं, तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट (फॅन आणि जोडणी मिळून ₹३,७००), पावसाळ्यात कपडे सोप्यात पंख्याखाली, आणि कुठलंही कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. मास्क, हातमोजे, प्लास्टिक वगैरेचे अडीच हजार, ते वर धरलेल्या ९० हजारांतच आले.

यंदा २०२५ च्या पावसाळ्यात माजघरात यंत्र ७० च्या आसपास राहिलं, पाऊस उघडला की लगेच खाली यायचं. ६० च्या खाली नाही आलं, भर पावसात इथं ते यायचं नाही, पण वास नाही आणि भिंत कोरडी. फ्रीजच्या मागं कोपऱ्यात ठिपके आले होते, दिसले त्याच दिवशी साबणपाण्यानं पुसून फ्रीज पुढं घेतला. कुठंही पाणी सांडलं, गळलं तर एक-दोन दिवसांच्या आत सुकवलं पाहिजे, त्यानंतर बुरशी धरायला लागते. आत्ती मेमध्येच परत आल्या, पंप अजून आहे, पण जास्तीचा डोस बंद झाला. मुलगा रात्री झोपतो.

माडीवरच्या उत्तरेच्या भिंतीचं सिमेंट अजून काढायचं राहिलंय, ते या दिवाळीनंतर. मिस्त्रींना आत्ताच सांगून ठेवलंय. पुण्याच्या पुतण्यांनी संमतीपत्रातल्या कलमाप्रमाणं मे महिन्यातल्या पन्हळ साफ करण्याचे त्यांचे निम्मे पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी ते स्वतः येऊन त्यांच्या बाजूची परसातली माती खाली घेणार आहेत.